परमुलखातील रोकड आणि तिचा बट्टा

(एका मराठी ग्रंथालयाच्या वाचकसभेत दिलेले व्याख्यान)



भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारखीने पैशांच्या व्यवहाराविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बँकेत कधी नोकरीही केलेली नाही. परंतु या ग्रंथालयातील पुष्कळ वाचक अलीकडे परदेशी जाऊ लागले आहेत. कोणाचा मुलगा तिकडे शिकतो, कोणाच्या मुलीचे तिकडे बाळंतपण असते, कोणी आयुष्यभराच्या बचतीतून पंधरा दिवसांची सहल काढतो. निघण्यापूर्वी ही मंडळी हवामानाची चौकशी करतात, औषधांची यादी करतात, लोणच्याची बरणी कशी न्यावी याचाही विचार करतात. मात्र तेथे गेल्यावर हातात रोख पैसा कसा येणार आणि त्यासाठी काय मोजावे लागणार, याचा विचार बहुधा तेथील यंत्रासमोर उभे राहिल्यावरच सुरू होतो. माझेही तसेच झाले होते. म्हणून प्रथम माझीच फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात फ्रँकफुर्टच्या ग्रंथमेळ्याला जाण्याचा योग आला. विमान उशिरा पोहोचले. शहरातील मुख्य रेल्वेस्थानकावर उतरले तेव्हा रात्र झाली होती आणि जवळ एकही युरो नव्हता. स्थानकाच्या दाराशी पैसे देणारे एक यंत्र उभे होते. त्यात भारतातील बँकेचे कार्ड घातले आणि २०० युरो मागितले. यंत्राने माझे कार्ड कोठले आहे हे ओळखले आणि इंग्रजीत मोठ्या अदबीने विचारले: ही रक्कम आपल्या खात्यातून रुपयांत वळती करावी काय? खाली रुपयांचा आकडाही दाखविला. परक्या देशात, अपरात्री, आपल्या रुपयाचे नाव दिसताच मला एखादे ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. मी होकाराची कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी एका मल्याळी अनुवादक स्नेह्यांशी बोलणे निघाले. त्यांनीही आदल्या रात्री तेवढेच युरो काढले होते आणि त्यांचीही बँक भारतातीलच होती. मात्र तोच प्रश्न आल्यावर त्यांनी नकाराची कळ दाबली होती. आम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून गेलेल्या रकमा ताडून पाहिल्या. सुमारे चौदाशे रुपयांचा फरक निघाला. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर पाच पानांच्या अनुवादाचे मानधन एका कळीपायी गेले होते. कोणी चोरी केली नव्हती आणि कोणी खोटेही बोलले नव्हते. मला प्रश्न विचारला गेला होता आणि मीच उत्तर दिले होते. त्या दिवसापासून या विषयाचा मी थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

विषय नवा वाटला, तरी त्याचे मूळ जुने आहे. एका मुलखातील पैसा दुसऱ्या मुलखात न्यावयाचा, तर त्यासाठी काही तरी मोजावे लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. काशीयात्रेला निघालेला माणूस रुपयांची थैली कमरेला बांधून जात नसे. तो सावकाराच्या पेढीवर रक्कम भरून हुंडी घेई आणि काशीतील पेढीवर ती वटवी. या सेवेबद्दल सावकार जे घेई, त्याला ‘हुंडणावळ’ असा नेमका शब्द मराठीत आहे. निरनिराळ्या टांकसाळींची नाणी बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घेई, तिला ‘बट्टा’ म्हणत. हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. पैसा पोहोचविण्याची मजुरी म्हणजे हुंडणावळ आणि नाणे बदलण्याची कपात म्हणजे बट्टा. आजच्या यंत्रापाशी जे काही घडते, ते या दोन शब्दांत पुरतेपणी सामावते. फरक एवढाच की, सावकार समोर बसलेला असे आणि त्याच्याशी घासाघीस करता येई. यंत्राशी घासाघीस करता येत नाही. त्याला फक्त होय किंवा नाही एवढेच सांगता येते.

हुंडीनंतरच्या काळात प्रवाशांचे धनादेश आले. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने ते १८९१ मध्ये काढले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे प्रवाशाचा तोच मोठा आधार होता. रोकड देणारे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एन्फील्ड येथे बार्क्लेज बँकेच्या शाखेत बसविण्यात आले. ते ज्यांच्या कल्पनेतून उतरले, त्या जॉन शेपर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ मध्ये आपल्या शिलाँगला झाला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. त्या यंत्राला कार्ड नव्हते. विशेष प्रकारचा कागदी धनादेश त्यात घालावा लागे आणि एका वेळी १० पौंड मिळत. सांकेतिक क्रमांक सहा आकडी ठेवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु पत्नीच्या लक्षात चारच आकडे राहत, म्हणून तो चार आकडी झाला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. भारतात असे पहिले यंत्र १९८७ मध्ये मुंबईत आले. ते हाँगकाँग अँड शांघाय बँकेचे होते. पुढे निरनिराळ्या देशांतील यंत्रे आंतरराष्ट्रीय जाळ्यांनी एकमेकांस जोडली गेली आणि नागपूरच्या खात्यातील पैसा नैरोबीतील यंत्रातून काढणे शक्य झाले.

आता हा पैसा आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून येतो ते पाहू. पहिला हात यंत्राच्या मालकाचा. ती तेथील एखादी बँक असते किंवा नुसती यंत्रे चालविणारी कंपनी असते. दुसरा हात व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या रुपे कार्डाशी जोडलेल्या जाळ्याचा. एका चलनाचे दुसऱ्या चलनात रूपांतर सामान्यतः त्याच्या त्या दिवशीच्या दराने होते. हा दर बाजारातील घाऊक दराच्या बराच जवळ असतो. तिसरा हात आपल्या बँकेचा. ती जाळ्याच्या दरावर आपली काही टक्के वाढ लावते आणि शिवाय दर वेळेस ठरावीक रक्कमही घेते. चौथा हात सरकारचा. बँकेच्या या आकारणीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो.

भारतातील पुष्कळ बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ लावतात आणि परदेशातील यंत्रातून पैसे काढल्याबद्दल दर वेळेस सव्वाशे ते दीडशे रुपये घेतात. काही बँकांची काही कार्डे मात्र अशी असतात की, त्यांवर ही टक्केवारी मुळीच लागत नाही. यंत्राचा मालक आपल्याकडून वेगळे शुल्क घेईल किंवा घेणारही नाही. ते देशावर आणि यंत्रावर अवलंबून असते.

नुसत्या वर्णनाने हे मनात ठसत नाही. म्हणून एक हिशेब मांडते. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये असे धरू. आपणांस २०० युरो हवे आहेत. म्हणजे घाऊक दराने त्यांची किंमत २०,००० रुपये झाली. आपल्या बँकेची टक्केवारी साडेतीन आणि दर वेळेचे शुल्क १५० रुपये आहे, असे मानू. यंत्रमालकाचे शुल्क व चलनविनिमयावरील किरकोळ कर तूर्त बाजूला ठेवू.

यंत्राचा रुपयांचा प्रस्ताव आपण नाकारला, तर बँकेची वाढ ७०० रुपये, तिच्यावरील कर १२६ रुपये, शुल्क १५० रुपये आणि त्यावरील कर २७ रुपये. एकूण १,००३ रुपये. खात्यातून २१,००३ रुपये जातील.

प्रस्ताव स्वीकारला आणि यंत्रमालकाने आपल्या दरात १२ टक्के वाढ लावलेली असली, तर २,४०० रुपये ते आणि बँकेचे शुल्क करासह १७७ रुपये; एकूण २,५७७ रुपये. खात्यातून २२,५७७ रुपये जातील. शिवाय व्यवहार रुपयांत झाला तरी तो परदेशात झाला, म्हणून काही बँका त्यावर आपलीही टक्केवारी लावतात. तसे झाल्यास एकाच नाण्यावर दोनदा बट्टा बसतो.

आता टक्केवारी न लावणारे कार्ड जवळ असेल आणि आपण प्रस्तावही नाकारला, तर केवळ १७७ रुपये पडतील. खात्यातून २०,१७७ रुपये जातील.

तीन प्रवासी, तेच यंत्र, तेवढेच युरो. आणि एकाला सुमारे पाच टक्के, दुसऱ्याला जवळजवळ तेरा टक्के, तर तिसऱ्याला एक टक्क्याहूनही कमी खर्च! पहिल्या दोघांत फरक आहे तो कळीचा. तिसरा आणखी पुढे गेला तो घरून निघताना केलेल्या तयारीमुळे.

या कळीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सारे मर्म तेथेच आहे. खरेदीच्या वा पैसे काढण्याच्या ठिकाणीच ग्राहकाच्या चलनात व्यवहार करून देण्याची ही पद्धत आहे. तिचा दर जाळे ठरवीत नाही, आपली बँकही ठरवीत नाही. यंत्रमालक आणि त्याचा सहकारी ठरवितात. प्रश्नाची मांडणीही अशी असते की, होकार हाच सुरक्षित मार्ग वाटावा. ‘हमखास दर’, ‘नेमकी रक्कम आताच कळेल’ अशा शब्दांची पेरणी असते. होकाराची कळ हिरवी आणि ठळक, नकाराची फिकी आणि कोपऱ्यात, असेही पाहावयास मिळते. नकार दिला तर पैसेच मिळणार नाहीत, असे भय नवख्या माणसाला वाटते. ते निराधार आहे. ‘विदाउट कन्व्हर्शन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्शन’ असे लिहिलेली कळ दाबली, तर केवळ त्या यंत्राचे रूपांतर नाकारले जाते. पैसे मिळतातच आणि रूपांतर आपल्या बँकेच्या मार्गाने होते. क्वचित एखादे यंत्र नकारानंतर पुन्हा तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारते. तेव्हाही न डगमगता नाहीच म्हणावे. आणि नकार देताच व्यवहार खरोखरच रद्द झाला, तर कार्ड काढून घेऊन दुसऱ्या यंत्राकडे जावे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये याविषयी नियम केला आणि २०२० च्या एप्रिलपासून अशा रूपांतराचा आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी ताडून टक्क्यांत दाखविण्याची अट घातली. त्यामुळे युरोपात पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर हा आकडा दिसतो. परंतु आकडा दाखविणाऱ्याने तो वाचावयासही लावले, असे होत नाही. वाचण्याचे काम आपले आहे.

हीच गोष्ट दुकानात आणि उपाहारगृहात कार्डाने पैसे देतानाही लागू आहे. ‘रुपयांत घेऊ की युरोत?’ असा प्रश्न आला, तर उत्तर एकच: ज्या देशात आपण उभे आहोत, त्या देशाच्या चलनात.

यानंतर यंत्रमालकाच्या शुल्काकडे वळू. याबाबतीत देशोदेशींची रीत भिन्न आहे. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळेस २२० बाट किंवा त्याहूनही अधिक शुल्क घेतले जाते आणि ते रकमेवर अवलंबून नसते. कोणी केवळ २,००० बाट काढले, तर ११ टक्के शुल्कातच गेले. २०,००० बाट काढले, तर तेच शुल्क १.१ टक्का होते. म्हणून जेथे शुल्क ठरावीक आहे, तेथे थोडे थोडे करून अनेकदा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढणे श्रेयस्कर. मघाच्या उदाहरणात २०० युरो एकदम न काढता ५०-५० करून चार वेळा काढले असते, तर आपल्या बँकेच्या शुल्कापोटीच ५३१ रुपये जादा पडले असते. व्हिएतनाममध्ये आणखी निराळी अडचण येते. तेथील पुष्कळ यंत्रे एका वेळी वीस-तीस लाख डोंगच देतात. लाखांचे आकडे पाहून माणूस गांगरतो. पण रुपयांत ती रक्कम मोठी नसते आणि शुल्क मात्र दर वेळेस द्यावे लागते. अशा ठिकाणी अधिक रक्कम देणारे यंत्र शोधण्यात लाभ आहे. जपानमध्ये सर्वच यंत्रे परदेशी कार्डे घेत नाहीत. टपाल कचेऱ्यांतील व सेव्हन-इलेव्हन दुकानांतील यंत्रे ती घेतात.

सर्वसाधारण नियम असा सांगता येईल: विमानतळाच्या आगमनकक्षात, प्रेक्षणीय चौकात किंवा स्मरणवस्तूंच्या दुकानाशेजारी एकटेच उभे असलेले झगमगीत यंत्र बहुधा महाग असते, प्रस्थापित बँकेच्या शाखेच्या भिंतीतील यंत्र बहुधा स्वस्त असते. त्यात दुसराही लाभ आहे. कार्ड यंत्रात अडकले आणि शाखा उघडी असली, तर आत जाऊन विचारता येते. म्हणून शक्यतो दिवसा, कामाच्या वेळी आणि बँकेच्या आवारातच पैसे काढावेत.

आता कार्ड कोणते वापरावे? रोकड काढावयाची तर बचत खात्याशी जोडलेले डेबिट कार्ड, आणि तेही टक्केवारी न लावणारे मिळाल्यास उत्तम. आगाऊ परकीय चलन भरलेले प्रवासी कार्डही सोयीचे असते. त्यावर दर आधीच ठरून जातो आणि हरविले तरी मूळ खाते सुरक्षित राहते. परंतु ते भरताना लावलेल्या दरातच बट्टा दडलेला असू शकतो. शिवाय यंत्रातून पैसे काढण्याचे शुल्क वेगळे पडते आणि डॉलर भरलेले कार्ड युरोच्या देशात चालविले, तर दुसऱ्यांदा रूपांतराचा आकार बसतो. क्रेडिट कार्डाने मात्र रोकड काढू नये. त्यावर सामान्यतः अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क लागते, त्याला काहीशे रुपयांची किमान मर्यादा असते आणि खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत येथे मिळत नाही. पैसे हाती आल्या दिवसापासून व्याज सुरू होते. आगीतून निघण्यासाठी खिडकी असते, तसा त्याचा उपयोग करावा. रोजच्या ये-जा करण्याचा तो दरवाजा नव्हे.

स्वस्ताई ही पुढची गोष्ट. आधी पैसे मिळाले तर पाहिजेत! आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह बँकॉकला गेले होते. खात्यात निवृत्तिवेतन जमा होते, कार्ड नवे कोरे होते. परंतु यंत्र ते परत करी. एक यंत्र झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. कारण साधे होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू करून मिळते. परदेशातील वापर कार्डधारकाने स्वतः सुरू करावा लागतो. त्यांनी तो केलेला नव्हता. आता करू म्हटले, तर त्यासाठी लागणारा सांकेतिक संदेश त्यांच्या भारतीय मोबाइल क्रमांकावर येणार आणि तो क्रमांक परदेशात चालू ठेवलेला नव्हता. पत्नीने पर्सच्या आतल्या कप्प्यात ‘असू द्यावेत’ म्हणून तीस डॉलर ठेवले होते. त्यांवर त्यांनी दीड दिवस काढला. खात्यात पैसे असून परक्या शहरात उपाशी राहण्याची वेळ येते की काय, ही त्या वयात सोसावी लागलेली भीती पैशांत मोजता येणार नाही. परत आल्यावर ते मला म्हणाले, “बाई, आयुष्यभर मुलांना परीक्षेची तयारी करा म्हणून सांगितले, आणि स्वतः मात्र पेपर न वाचता गेलो.”

म्हणून निघण्यापूर्वी आठ दिवस पुढील कामे उरकावीत. कार्डाचा परदेशातील वापर सुरू करावा आणि रोजची मर्यादा पाहून घ्यावी. बँकेला टक्केवारी किती व शुल्क किती, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. मोबाइल क्रमांक परदेशात निदान संदेश घेऊ शकेल, अशी व्यवस्था करावी. दोन निरनिराळ्या बँकांची दोन कार्डे घ्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. पतिपत्नी असतील, तर एकेकाने एकेक ठेवावे. कार्ड बंद करविण्यासाठी बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून तो कार्डापासून वेगळा ठेवावा. आणि पहिल्या दोन दिवसांपुरते परकीय चलन नोटांच्या रूपाने बरोबर असू द्यावे. ते विमानतळावरील खिडकीवर ऐनवेळी घेण्यापेक्षा शहरात दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्यावे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतचे चलन नोटांच्या रूपाने नेता येते. उरलेले कार्डाच्या स्वरूपात न्यावे लागते.

कायद्याचाही थोडा उल्लेख करते. एके काळी हाती मोजके डॉलर घेऊन समुद्रापार गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. ते दिवस मागे पडले. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. तिची मर्यादा आता एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर आहे. डेबिट कार्डाने परदेशात काढलेली रोकड या मर्यादेत मोजली जाते. अशी एकूण रक्कम एका वर्षात १० लाख रुपयांपलीकडे गेली, तर प्रवासखर्चाच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ वसूल होतो; ही १० लाखांची मर्यादा २०२५ च्या एप्रिलपासूनची आहे. हा कर बुडीत जात नाही. आयकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास या मर्यादेच्या पुष्कळ आत असतो; तरी नियम ठाऊक असावा.

यंत्रापाशी उभे राहिल्यावर काय करावे, हेही सांगते. कार्ड घालण्याच्या खाचेवर काही चिकटविलेले दिसल्यास किंवा ती सैल लागल्यास तेथून निघून जावे. सांकेतिक क्रमांक दाबताना दुसऱ्या हाताने आड करावा. मदतीला धावून येणाऱ्या अनोळखी गृहस्थाचे आभार मानावेत आणि त्याची मदत घेऊ नये. खाते कोणते, असे विचारल्यास ‘सेव्हिंग्ज’ निवडावे. रकमेचे आकडे शून्ये मोजून दाबावेत. सरळ २०० मागण्याऐवजी १९० मागितले, तर पुष्कळदा काही लहान नोटा हाती येतात आणि पावाच्या दुकानात मोठी नोट काढून ओशाळावे लागत नाही. पावती जपून ठेवावी. पैसे बाहेर न येता खात्यातून रक्कम गेली, तर यंत्र, स्थळ व वेळ लिहून घ्यावी आणि त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवावे.

शेवटी, रोकड किती काढावी? याचे उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीसारख्या प्रगत देशातही रोख पैशाचे महत्त्व मोठे आहे. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत रोजच्या व्यवहारांपैकी सुमारे निम्मे रोखीने झाल्याचे आढळले. उलट स्वीडनसारख्या देशात दुकानदारच रोकड नाकारतो. आपली यूपीआय पद्धत २०२१ मध्ये भूतानमध्ये आणि २०२४ मध्ये श्रीलंका व मॉरिशस येथे पोहोचली. तेथे काही व्यवहार भ्रमणध्वनीवरूनच होऊ शकतात. म्हणून जेथे कार्ड चालते तेथे कार्डाने द्यावे, जेथे चालत नाही तेवढ्यापुरतीच रोकड ठेवावी आणि परततीच्या दिवशी ती संपत येईल असा बेत करावा. उरलेले परकीय चलन पुन्हा रुपयांत बदलताना आणखी एकदा बट्टा बसतो, आणि नाणी तर बहुधा कोणी घेतच नाही.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी म्हणेल की, लाखभर रुपये खर्चून परदेशी जाणाऱ्याने हजार-दीड हजारांसाठी एवढा जीव काढावा काय? त्यावर माझे म्हणणे असे: जो हजार रुपये जाणूनबुजून खर्च करतो, तो दिलदार असेल, पण जो न वाचता गमावतो, त्याला दिलदार म्हणत नाहीत. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा हा पैसा निवृत्तिवेतनाचा आहे, शिकवण्यांचा आहे, पै पै साठविलेला आहे. नातवासाठी घ्यावयाचे पुस्तक, संग्रहालयाचे तिकीट, नदीकाठी पत्नीसह घेतलेली कॉफी यांसाठी तो आहे, यंत्रासाठी नव्हे.

जन्मभर मी एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत आणीत आले. रूपांतर करणाऱ्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका असण्याचे कारण नाही; माझी चूलच त्यावर पेटते! परंतु रूपांतराला दोन अटी आहेत. ते मागितलेले असावे आणि त्याचे मोल आधी कळलेले असावे. फ्रँकफुर्टच्या त्या यंत्राने मी न मागता माझ्यासाठी रूपांतर केले, मोल स्वतःच ठरविले आणि ते माझ्या ओळखीच्या चलनाआड लपविले. आपल्या भाषेत, आपल्या चलनात कोणी बोलू लागला म्हणजे तो आपला झाला, असे नव्हे. त्याचे बोलणे शेवटपर्यंत वाचावे, आणि मग होय किंवा नाही म्हणावे.

परमुलखात आपल्या पैशाला कमीत कमी बट्टा लागो आणि आपल्या नावाला मुळीच न लागो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.